मागच्या दाराचे नेचे

खुटबावच्या मल्हारीला भ्यायला कारण लागत नसे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसा त्याच्या पाठी एक कायमचा मुक्कामालाच होता. पण देवानं त्याला नोकरी मात्र अगदी शोभेशी दिली. रेल्वेत गँगमन. पावसाळा लागला की दौंडकडच्या गँगमधली काही माणसं घाटात गस्तीला पाठवत. दरड सुटली का, रुळाखालची खडी वाहून गेली का, हे पावसात पाहत फिरायचं. बाकीचे नाकं मुरडायचे आणि मल्हारी दर साली आपणहून नाव द्यायचा. भिण्याचाच पगार मिळतो अशी नोकरी दुसरी कुठं मिळणार?

घाटात बोगद्याच्या तोंडाशी ऊन म्हणून पडत नसे. कातळातून पाणी झिरपायचं आणि त्या ओलीवर हातहातभर लांब, कंगव्यासारखी कातरलेली पानं झुलत राहायची. साहेब लोक फर्न म्हणत. नीलम, मल्हारीची एकुलती एक लेक, तिच्या शाळेच्या पुस्तकात त्याला नेचा म्हटलं होतं. ना फूल, ना फळ, ना काटा. उन्हाला घाबरून सावलीत अंग चोरून बसणारं ते झाड मल्हारीला का आवडलं, हे वेगळं सांगायला नको.

गुडघे गेले तेव्हा, २००० साली, त्यानं मुदतीआधीच नोकरी सोडली. शेवटच्या गस्तीवरून येताना ओल्या गोणपाटात नेच्याचे गड्डे बांधून आणले. वस्तीवर दोन भावांची दोन घरं, थोरल्या बापूसाहेबाचं आणि याचं, आणि मध्ये दोघांची सामाईक विहीर. विहिरीपाशी जुनं जांभूळ, मल्हारीच्या मागच्या दाराशी आंबा. दोन्हीकडं दिवसभर दाट सावली. मल्हारीनं तिथं वाफे केले, तळाला विटांचे तुकडे घातले, वर कुजका पाला आणि शेणखत पसरलं, आणि गड्ड्याचं तोंड मातीवर उघडं राहील अशा बेतानं एकेक नेचा लावला. रोज विहिरीवरून बादली आणून घालायचा. दौंड तालुक्यातल्या त्या रखरखीत माळावर असली हिरवाई कुणी पाहिली नव्हती. लोक मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला यायचे.

आणि मार्गशीर्षात सगळे नेचे वाळले. एकूण एक. आधी पिवळे, मग तांबूस, मग हातात धरलं की चुरा.

आता इथं मल्हारीची चूक सांगायला हवी. तो घाटात जायचा फक्त पावसाळ्यात. ज्येष्ठात जायचा, दसऱ्याच्या आत परत यायचा. नेचा त्यानं उभ्या जन्मात हिरवाच पाहिलेला. थंडीत हे झाड पानं टाकून देतं, जमिनीत गड्डा जिता ठेवून झोपी जातं आणि मृग जवळ आला की पुन्हा मान वर काढतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं वाळकी पानं मुठीत धरली आणि विहिरीच्या पाण्याकडं पाहिलं. बापूसाहेबाचा मुलगा नवनाथ उसावर तणनाशक मारायचा आणि फवारणीचा पंप विहिरीच्या कडेला धुवायचा. मल्हारीनं दोनात दोन मिळवून बावीस केले. थोरल्या भावाच्या दारात चार माणसं बसलेली असताना त्यानं बोंब ठोकली, की या घरानं विहीर नासवली.

बापूसाहेब सोसायटीचा संचालक. त्याच्या शब्दावर गावात कर्ज मंजूर व्हायचं, सोयरीक जुळायची. त्यानं विहीर उपसून घेतली, पाणी पुण्याला तपासायला धाडलं. पाणी चोख निघालं. ज्येष्ठ लागला तसे नेच्यांच्या गड्ड्यांतून गोगलगायीसारखे वेटोळे कोंब वर आले आणि मल्हारीचं गावभर हसं झालं. "आमच्या मल्हाऱ्याची झाडं थंडीत वाकळ घेऊन झोपत्यात," असं बापूसाहेब पारावर सांगायचा आणि लोक मांड्या थोपटून हसायचे. शेवटी भैरवनाथापुढं नारळ फुटला. गावाच्या साक्षीनं मल्हारीनं भावाचे पाय धरले आणि देवापुढं शब्द दिला, की यापुढं विहिरीबद्दल तोंडातून अक्षर काढणार नाही. आमच्याकडं देवापुढं फोडलेला नारळ कोर्टाच्या कागदाहून जड असतो. तो शब्द मोडणाऱ्याच्या घरी कुणी पाणीसुद्धा पीत नाही.

तेव्हापासून मल्हारी नेच्यांचा स्वभाव नीट शिकला. वाळकी पानं तो कापत नसे, तशीच गड्ड्यावर पांघरूण म्हणून ठेवायचा. चैत्र-वैशाखात वरून नुसता पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे गड्डा सुकत नाही. कोंब दिसले की मगच जुनं काढायचं. झोपी जाताना नेचा आधी म्हातारी पानं टाकतो, मग तरणी, आणि नवे कोंब तेवढे पोटात राखून ठेवतो. हे सगळं त्यानं पुढच्या दोन हिवाळ्यांत आपल्या डोळ्यांनी पाहिलं. हिवाळा आला की आता त्याला भीती वाटत नसे, ही त्याच्या आयुष्यातली फार मोठी कमाई होती.

मग २००३ चा तो दुष्काळी भाद्रपद आला. पावसानं तोंड फिरवलं होतं, विहीर तळाला गेली होती आणि नीलम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं म्हणायचं इतकंच. आदल्या वर्षी तिचं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तिचा नवरा कुरकुंभला कंपनीत शिफ्टला, त्याला सुट्टी मिळेना. जाताना तो मल्हारीला म्हणाला, "मामा, जपा हिला." बस, एवढं पुरलं. मल्हारी तिच्या मागं पुढं करू लागला. ती उंबरा ओलांडायला लागली तरी त्याच्या काळजात धस्स व्हायचं. सातवा महिना होता आणि त्याला रात्रंदिवस एकच ध्यास, हे मूल धडपणी जगात यावं.

गौरी गेल्या आणि विहिरीजवळचे नेचे करपायला लागले.

मल्हारी सकाळी बादली घेऊन गेला आणि तसाच उभा राहिला. पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या होत्या. त्यानं वाकून गड्ड्यात पाहिलं. म्हातारी पानं अजून तग धरून होती, पण कोवळे वेटोळे कोंब काळे पडून माना टाकून बसले होते. झोपी जाणारं झाड असं करत नाही. घरात निजानीज होते तेव्हा लेकरं आधी पांघरुणात जातात, ती दारात मरून पडत नाहीत. तो तसाच मागच्या दाराशी गेला. आंब्याखालच्या वाफ्यातही करपायला सुरुवात झाली होती. दोन्ही वाफ्यांना पाणी एकाच विहिरीचं जात होतं. तेच पाणी घरात माठात होतं आणि नीलम सकाळपासून दोन तांबे प्यायली होती.

त्यानं बायकोला, तानुबाईला, गोठ्यामागं नेऊन हळूच सांगितलं.

तानुबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, पुन्यांदा तेच? देवापुढं नारळ फोडलाय तुमी. आन् थोरल्या घरानं पोरीच्या लग्नाचा मांडव घातला, आता डोहाळजेवान बी तेच घालत्यात. त्यांच्या तोंडावर हिरीचं नाव काढताय व्हय?"

"आगं, पर कोंब काळं पडल्यात."

"ऊन लागलं आसंल. पाऊस हाय का कुठं? माणसं करपाय लागली, तुमच्या झाडांचं काय घिऊन बसलाय!"

ती म्हणत होती तेही खोटं नव्हतं. त्या महिन्यात शेवरीसारखं काटक झाडसुद्धा मान टाकत होतं. मल्हारी दिवसभर घुटमळला. संध्याकाळी नवनाथ बांधावर भेटला तेव्हा त्यानं शक्य तितक्या गोडीत विचारलं, "का रं नवनाथा, हिरीवर काय सांडलं-बिंडलं तर न्हाई ना?"

नवनाथ खाली वाकून ठिबकची नळी जोडत होता. त्यानं मान वर केली नाही. "न्हाई वो नाना. झोपली आसतील तुमची झाडं. औंदा लवकर झोपली." आणि तो हसला. मल्हारीही हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सायकलच्या कॅरिअरला प्लॅस्टिकचा कॅन बांधला आणि केडगाव स्टेशन गाठलं. स्टेशनच्या नळावर त्याचा भारी विश्वास. रेल्वेचं पाणी म्हणजे सरकारचं पाणी. रोज सकाळी तो कॅन भरून आणायचा आणि नीलमच्या खोलीत ठेवायचा. "डाक्टर म्हणत्यात, नळाचं पानी चांगलं आसतं पोटुशीला," असं त्यानं तिला सांगितलं. विहिरीचा शब्द काढला नाही. शब्दही मोडला नाही आणि लेकही वाचली, असा त्याचा हिशोब. स्वतः मात्र तो विहिरीचंच पाणी पीत राहिला, कारण तानुबाईसमोर वेगळं पाणी मागितलं असतं तर भांडण पेटलं असतं. प्रत्येक घोट तो डोळे मिटून घ्यायचा, आणि नंतर तासभर पोटावर हात ठेवून आत काही होतंय का ते तपासत बसायचा.

नीलम समजूतदार पोरगी. बापाची धडपड पाहून तिला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. एक दिवस ती म्हणाली, "आबा, आंब्याखालच्या झाडांना मी घालत जाईन पानी. डाक्टरीन बाई म्हणल्या, जरा हालचाल पायजेल. तुमी हिरीजवळची तेवढी बघा. गुडघ्यांना कशाला तरास?" मल्हारीला बरं वाटलं. लेकीला नेचे आवडतात याचं त्याला कौतुकच होतं.

पितृपंधरवडा निम्मा सरला आणि मागच्या दाराचे नेचे सावरले. काळ्या पडलेल्या कोंबांच्या बाजूनं नवे हिरवे कोंब निघाले. लोकरीसारखी लव अंगावर असलेले, घट्ट वेटोळे. मल्हारीनं ते पाहिलं आणि तो मटकन ओट्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. विहिरीचंच पाणी प्यायलेलं झाड जर नवे कोंब काढतंय, तर पाणी चांगलंच आहे की! विहिरीजवळचे अजून काळेच होते, पण त्याचंही कारण त्याला सापडलं. शेरडांसाठी नवनाथनं जांभळाच्या दोन फांद्या तोडल्या होत्या, त्यामुळं तिथं दुपारचं ऊन पडत होतं. ज्याला भीतीतून सुटायचं असतं त्याला कारणं शोधावी लागत नाहीत, ती चालून येतात. त्या रात्री तो गाढ झोपला. सकाळी तानुबाईला म्हणाला, "तुझंच खरं. ऊनच लागलं हुतं." तानुबाईनं हात जोडून देवाचे आभार मानले.

कॅन मात्र त्यानं चालू ठेवला. सवय झाली होती आणि लेकीचं काही करण्यात त्याला सुख वाटत होतं.

घट बसले आणि तिसऱ्या माळेला डोहाळजेवण ठरलं. आंब्याच्या सावलीत खुर्ची मांडली. बापूसाहेबानं केडगावहून शेवंतीच्या फुलांची वाडी करवून आणली होती, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं. गावातल्या बायका सकाळपासून जमत होत्या. उपवासवाल्यांना भगर-आमटीचं वेगळं पातेलं चढलं होतं. पाण्याचे पिंप भरून ओळीनं ठेवले होते. बापूसाहेब फेटा बांधून सगळीकडं फिरत होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "ह्या नवनाथ्याला इचार कवा यायचा? पान्याचा टँकर सांगितला हुता यानं. म्या माघारी धाडला. म्हणलं, दुष्काळात बी आमच्या हिरीला पानी हाय, आन् पोरीच्या जेवनाला इकतचं पाजू व्हय?" लोक वाहवा करत होते. नवनाथ पिंपांपाशी उभा होता आणि त्याला घाम फुटला होता, पण लग्नघरासारख्या त्या गर्दीत कुणाचं लक्ष त्याच्याकडं जाणार?

खुर्चीमागं लावायला चार नेच्याची पानं कापावीत म्हणून मल्हारी विळा घेऊन मागच्या दाराला वळला. नीलम तिथं वाफ्याशी उभी होती. हिरवं लुगडं, मोकळे केस, आणि हातात तो कॅन. ती वाकून कॅनातलं पाणी नेच्यांच्या मुळाशी ओतत होती.

मल्हारी जागीच थांबला. "नीलम, काय करतीस?"

ती दचकली. मग कसनुसं हसली. "आबा, रागावू नका. त्या नळाच्या पान्याला लई वास येतो, आवशद घातल्यावानी. तोंडात घेतलं की उलटीच येती बगा. पर तुमी रोज एवढं ढोर मेहनत करून आणताय, म्हणून म्या काय बोलले न्हाई. झाडांना घालते रोज. बगा की, कशी आल्यात ती!"

"मग तू... तू कुठलं पीत हुतीस?"

"आपलं हिरीचंच. गोड लागतं."

मल्हारीला सगळं एकदम दिसलं. हे नेचे विहिरीच्या पाण्यावर सावरले नव्हते. ते सावरले होते स्टेशनच्या पाण्यावर. विहिरीचं पाणी ज्यांना मिळत होतं ते तिकडं जांभळाखाली काळे पडले होते. आणि विहिरीचं पाणी नीलमलाही मिळत होतं. गौरी गेल्यापासून आजपर्यंत, रोज, गोड लागतं म्हणून पोटभर. तिच्यासाठी आणलेलं पाणी झाडांनी प्यालं आणि झाडांचं तिनं. आणि झाडं हिरवी दिसतात म्हणून हा शहाणा बाप निवांत घोरत पडला होता.

भीती त्याला जन्मभर ओळखीची होती, पण ही निराळी होती. हिच्यात घाम नव्हता, थरथर नव्हती. विळा त्याच्या हातातून कधी पडला हेही त्याला कळलं नाही. तो पुढच्या अंगणाकडं धावला. गुडघे गेलेला माणूस धावताना पाहून बायका हसल्या. जेवणाची पहिली पंगत बसत होती. पेल्यांत पाणी वाढणं चाललं होतं.

"पिऊ नका!" मल्हारी ओरडला. "कुनी पानी पिऊ नका! हीर नासलीया!"

तानुबाईनं तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी खुसखुसलं, "आली, झाडं आली पुन्यांदा." आणि मग सगळीकडून हसण्याची लाट उठली.

बापूसाहेब हसत नव्हता. तो गर्दीतून वाट काढत आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मल्हाऱ्या, भैरोबाफुडं नारळ फोडलावतास. आठवतंय का?"

"दादा, आठवतंय. मोडला म्या शबूद. वाळीत टाका मला, पायतान मारा. पर ह्या पान्याला हात लावू नगा. झाडं जळली. कोंब जळलं. आन् माजी पोरगी..."

"तुजी झाडं जळली म्हून माझी इज्जत पंगतीत काडतोस व्हय? दोन येळा?" बापूसाहेबानं सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. मग त्यानं पिंपात तांब्या बुडवला, काठोकाठ भरून वर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "बगा गं बायांनो. माज्या बाच्या हिरीचं पानी हाय. समद्यांच्या देखत पितो. मग ह्याला काय करायचं ते गावानं ठरवा."

त्यानं तांब्या तोंडाशी नेला. मल्हारी भावाचा हात धरायला झेपावला, पण त्याच्या आधी दुसराच आवाज आला.

"आप्पा, पिऊ नका."

नवनाथ होता. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्यानं पुढं येऊन बापाच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पाणी जमिनीवर ओतून टाकलं.

"का रं?" बापूसाहेबानं विचारलं. आवाज अगदी साधा होता, पोराला काही कळत नाही म्हणून विचारावं तसा.

"गणपती बसायच्या आदल्या दिशी... तणनाशकाचा डबा. पंप भरत हुतो, झाकन ढिलं हुतं. हातातनं निसटला आन् हिरीत गेला. गळ टाकून लई काडायला बगितला. घावला न्हाई. पानी तळालाच हुतं."

"आन् तू गप बसलास?"

"मागल्या टायमाला नानांनी नाव घेतलं तवा गाव आपल्या बाजूनं हुतं. आता खरंच झालं म्हणून सांगू कसं? तुमची मान खाली गेली आसती. वाटलं, पाऊस पडंल, पानी वाढंल, उतरंल समदं." तो रडायला लागला. "म्हून तर टँकर सांगितला हुता, आप्पा."

बायकांच्या घोळक्यातून नवनाथची बायको सुरेखा पुढं आली. ती बापूसाहेबाकडं नाही, नवऱ्याकडं पाहत होती. "म्हून मला म्हैनाभर गावातल्या नळावर धाडत हुता व्हय? हिरीचं पानी पोरांना पचत न्हाई म्हणून? आपल्या घरच्या माठात समद्यांना नळाचं, आन् ही दोन जिवाची बाई इतं हिरीचं पितीया हे दिसत हुतं तुमाला!"

बापाच्या ओठाला पाणी लागायची वेळ आली तेव्हा नवनाथला वाचा फुटली होती. नीलमसाठी फुटली नव्हती. हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला कळलं, आणि बापूसाहेबालाही. तो खाली मांडलेल्या पाटावर बसला आणि त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

मागच्या दारातून नीलम आली होती. मुकुट अर्धवट बांधलेला. तिनं सगळं ऐकलं असावं. ती पोटावर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि तिचे डोळे फक्त बापाला शोधत होते.

"आबा," ती म्हणाली, "सकाळधरनं हाललं न्हाई हे. मला वाटलं, झोपलं आसंल."

तो शब्द ऐकून कुणी हसलं नाही.

बापूसाहेबाची जीप निघाली. नवनाथला कुणी बस म्हटलं नाही, सुरेखाच्या भावानं गाडी हाणली. मागच्या सीटवर नीलम आडवी, तिचं डोकं तानुबाईच्या मांडीवर आणि तानुबाईचा तळवा लेकीच्या पोटावर. फुलांची वाडी काढायला कुणाला सुचलं नव्हतं. मल्हारी पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. केडगावचा दवाखाना तसा लांब नव्हता, पण रस्ता खड्ड्यांचा आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून "हळू रं, हळू" निघत होतं.

"हाललं का?" त्यानं मागं न पाहता विचारलं.

"न्हाई अजून," तानुबाई म्हणाली.

उसाचे फड मागं पडले. एक म्हशींचा तांडा आडवा आला. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर थकला. मल्हारी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसला होता. त्याला वाटलं, मी त्याच दिवशी ओरडलो असतो तर? शब्द मोडला असता, गावानं थुंकलं असतं, तानुबाई बोलली नसती महिनाभर. त्याहून काय झालं असतं? जन्मभर तो नको तिथं भ्याला आणि जिथं भ्यायला हवं होतं तिथं चार हिरवे कोंब पाहून निजला. त्याला स्वतःचा इतका संताप आला की दात एकमेकांवर वाजले.

"हाललं का गं?"

"बगतीया ना मी."

नीलमचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शेवंतीचा वास गाडीत कोंदला होता.

रेल्वेचं फाटक बंद होतं. पलीकडं दवाखान्याचा बोर्ड दिसत होता, अगदी हाकेच्या अंतरावर. मालगाडी आली आणि डबे मोजता येऊ नयेत इतकी लांब चालली. जमीन हादरत होती, जीप हादरत होती. मल्हारीनं डोळे मिटले. आयुष्यात त्यानं इतक्या गाड्या पाहिल्या होत्या, पण एखादी कधी संपावी म्हणून अशी भीक मागितली नव्हती.

शेवटचा डबा गेला. फाटक वर जायला लागलं.

"हाललं का?" त्यानं विचारलं.

मग तानुबाई म्हणाली, "हाललं. हाललं बगा आत्ता. चला, घ्या गाडी."

ती ते ठामपणे म्हणाली, लेकराला झोपवताना आई म्हणते तसं. नीलमनं हो की नाही काहीच म्हटलं नाही. जीप रुळांवरून धडधडत पलीकडं गेली. मान जराशी वळवली असती तर तानुबाईचा चेहरा मल्हारीला दिसला असता आणि ती खरं बोलली का, हे त्याला तिथल्या तिथं कळलं असतं. त्यानं मान वळवली नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबेपर्यंत तो समोरच्या काचेकडं पाहत राहिला.